एकतीस नसलेला महिना

खोटं तुम्ही बोललात आणि खुलासा माझ्याकडे मागताय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. "पावडरीचा एक डबा पावतीशिवाय बाहेर नेला, त्याबद्दल लेखी खुलासा करावा." करते. पूर्ण करते. पण मग शेवटपर्यंत वाचायचं, मालक.

आपलं दुकान ऑनलाइन. आजारी माणसांचं सामान विकतं. लोक एकदाच कार्डाचा नंबर भरतात, मग दर महिन्याला पैसे आपोआप कापले जातात. पैसे कापले की माझ्या टेबलाशेजारचं मशीन लेबल बाहेर टाकतं, आणि लेबल निघालं की मी खोकं भरते. लेबल नाही तर खोकं नाही. आधी ज्याची त्याची तारीख वेगळी होती. कुणाचा पगार पाचला, कुणाची पेन्शन बाराला, माणसानं आपल्या सोयीची तारीख निवडायची. माझ्या दादाची वीस होती. दादाच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हापासून तो बोलत नाही आणि गिळतही नाही. पोटात नळी बसवली आहे. आपल्याकडची पावडर, बाहेर कुठे मिळत नाही ती, पाण्यात कालवून त्या नळीतून द्यायची, तेच त्याचं जेवण. त्याचं खोकं मी स्वतः भरायचे आणि टेप दोनदा मारायचे.

मग तुमच्या डोक्यात आलं की हे पैसे रोज थेंब थेंब काय येतात, एकदम दिसले पाहिजेत. संगणक बघणाऱ्या पोराला आम्ही चष्मा म्हणतो. त्याला तुम्ही चहाच्या मशीनपाशी गाठलंत.

"सगळ्यांची तारीख महिनाअखेर करून टाक."

"सर, महिनाअखेर म्हणजे नेमकी..."

"अरे, महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर! आता काय तुला महिनेसुद्धा शिकवू?"

सगळे हसले. मीही तिथेच कप घेऊन उभी होते. चष्मा कानापर्यंत लाल झाला, गप जागेवर गेला आणि त्याने एकतीस टाकलं. तुम्ही त्याच्या खांद्यावरून वाकून बघितलंत आणि "शाब्बास" म्हणालात. मग ग्राहकांना कळवलंत, "आपल्या सोयीसाठी."

पहिला महिना एकतीसचाच निघाला. लेबलांची लांबच लांब शेपटी फरशीवर लोळत होती, टेप फाडून फाडून आमच्या बोटांची सालं निघाली. तुम्ही केक कापलात. "मला मालक म्हणू नका, आपण एक कुटुंब आहोत." केक आम्ही उभ्यानेच खाल्ला, कुटुंबाला बसायला वेळ नव्हता.

पुढचा महिना तीसचा. संगणक बिचारा एकतीसची वाट बघत बसला, आणि एक तारीख उजाडली. लेबलांचं मशीन गप्प. माझ्यासमोर बसते तिला आम्ही लवंगी म्हणतो. ती म्हणाली, "काय गं, ह्याचं तोंड कुणी शिवलं?" बाकीच्या हसल्या, आज हात शेकत बसू म्हणाल्या. मला काही हसू येईना. दादाच्या डब्यात तळ दिसायला लागला होता.

मी तुमच्या केबिनपाशी आले. दार अर्धं उघडं होतं.

"सर, सापडलं," चष्मा सांगत होता. "तीस दिवसांच्या महिन्यात एकतीस येतच नाही. आपण कुणाचे पैसे मागितलेच नाहीत. आज मागून घेऊ?"

"आज घेतले की याच महिन्यात दोनदा कापल्याचं दिसेल. लोक बोंबलतील. आता अखेरीलाच कापायचे."

"मग ग्राहकांना काय कळवायचं?"

"काय कळवायचं? आम्हाला कॅलेंडर वाचता येत नाही, असं? लिही, आपल्या कार्डात पुरेशी रक्कम नव्हती, नंबर पुन्हा भरावा."

"पण सर, होती की."

"असू दे ना! माणूस आधी स्वतःचाच खिसा चाचपतो."

स्वतःच्याच वाक्यावर तुम्ही हसलात. मग मी दिसले. "काय गं?"

"दादाचं खोकं."

"येईल की. महिनाअखेरीला."

मी घरी पोचायच्या आधी तुमचा निरोप घरी पोचला होता. दादा पलंगावर, मांडीवर त्याची लिहायची पांढरी पाटी. वहिनी मोबाइल त्याच्या नाकासमोर धरून उभी.

"रक्कम नव्हती म्हणे! माझ्या हातानं भरले होते मी. गेले कुठे? घातलेत ना पुन्हा त्या चुलत्याच्या पोराच्या घशात?"

दादानं पाटीवर लिहिलं, नाही.

वहिनीनं तळव्यानं पुसलं. "मागच्या वेळीही नाहीच म्हणाला होतात. तेव्हा तोंडानं म्हणाला होतात, एवढाच काय तो फरक."

त्यानं पुन्हा लिहिलं, पाटीभर मोठं. तिनं पुन्हा पुसलं.

"तोंड बंद झालं, पण हात सैल तो सैलच!"

"वहिनी, पुरे," मी म्हणाले. "कार्डात पैसे होते. चूक आमच्या दुकानाची आहे." आणि ऐकलेलं सगळं सांगितलं.

"एवढं मोठं दुकान मला कशाला खोटं लिहील? त्यांना माझ्याशी काय वैर? तू आपली भावाचीच री ओढणार. नणंद ती नणंदच."

दादानं बँकेचा हिशेब काढून दाखवला. मागून भरून ठेवले असतील, म्हणाली. कार्डाचा नंबर मात्र तिनं त्याच रात्री पुन्हा भरला. उत्तर आलं, पुढील वितरण महिनाअखेरीस.

उरलेली पावडर पुरवायची म्हणून ती पातळ कालवू लागली. रागावलेली होती तरी नळीपाशी तिचा हात हळूच चालायचा, हेही लिहिते. पण पातळ ते पातळच. एका सकाळी लिहिताना दादाच्या हातातून पेन सुटलं, आणि ते उचलायला त्याला वाकता येईना.

त्याच दिवशी मी रॅकवरून डबा उचलला. पिशवीत लपवला नाही, काखेत मारला आणि पुढच्या दारानं निघाले.

"ताई, पावती?" वॉचमनकाकांनी विचारलं.

"मालकांना सांगा काका, कार्डात पुरेशी रक्कम आहे."

काकांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, आणि दार उघडून धरलं. त्यांना मधे ओढू नका. डब्याची किंमत माझ्या पगारातून कापा. आजच कापा, अखेरीची वाट बघू नका.

दादाचं पोट भरलं. पण पाटीवर अजून तो एकच शब्द आहे, नाही. वहिनी आता तो पुसत नाही, पण मानतही नाही. तिच्याकडे दुकानाचा छापील निरोप आहे आणि त्याच्याकडे नुसतं पेन. दोघं एका खोलीत झोपतात आणि निरोप माझ्यामार्फत पाठवतात.

हा माझा खुलासा. आता तुमचा करा. माझ्या दादाच्या कार्डात रक्कम नव्हती, की तुमच्या महिन्यात एकतीस नव्हती? एका ओळीत लिहा, खाली सही करा आणि माझ्या वहिनीच्या नावानं पाठवा. महिनाअखेरपर्यंत. या महिन्याला एकतीस आहे, मी बघितलंय. बोला.