उपडा कप

दीर शाखाप्रमुख झाला तेव्हापासून पक्षाच्या शाखेची बैठक काकूंच्या बाहेरच्या खोलीत भरायची. माणसं दारात चपला काढतात आणि अक्कलही तिथेच ठेवून आत येतात, असं काकू म्हणायच्या. पण बैठकीच्या दिवशी सकाळपासून त्यांच्या अंगात वारं शिरायचं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मत घ्यायची तिथली रीतच वेगळी. हात वर करायला सांगितलं की शाखेतला प्लंबर दोन्ही हात वर करायचा आणि त्यावरून जुंपायची. शेवटी काकूंनीच दटावलं होतं, "चहा प्या आणि कपाने सांगा. मान्य असेल तर सरळ, नसेल तर उपडा. माझ्या घरात एका माणसाला एकच कप मिळतो." तेव्हापासून शाखेचा कारभार काकूंच्या कपांवर चालला होता. काकूंचा स्वतःचा कप मात्र आत, ओट्यावर.

मग दिराने कार्यालय मिळवलं. काचेचं टेबल, फिरत्या खुर्च्या, डोक्यावर पंखा.

"वहिनी, तुमचा त्रास वाचला. आता बैठका तिकडे."

"वाचला बाई. माझी फरशी सुटली एकदाची," काकू म्हणाल्या आणि लख्ख फरशी पुन्हा पुसत बसल्या.

जागा कायमची बदलायची तर मत घ्यायला हवं होतं. कार्यालयातले कागदी कप पंख्याच्या वाऱ्याने आपोआपच उपडे व्हायचे. म्हणून दिराने निरोप धाडला, वहिनींनी चहा आणि घरचे कप घेऊन यावं. म्हणजे आपल्याच कपांनी आपली खोली रिकामी करायची, काकूंच्या मनात आलं. तरी ठेवणीतले कपडे घालून गेल्या. हरायचंच तर मळक्या कपड्यांत कशाला?

आत सगळे ताठ बसले होते, दवाखान्यात नंबर लावल्यासारखे. काकूंनी कप भरले.

दीर उभा राहिला. "बैठक इथेच व्हावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी चहा पिऊन..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत प्लंबरने कप उपडा केला. भरलेला.

"अरे, आधी प्यायचा असतो तो."

"धीर निघाला नाही, साहेब."

मग शिंपीणबाईने केला, मग ड्रायव्हरने, मग निवृत्त मास्तरांनी. चहा काचेवरून वाहत थेट शाखाप्रमुखाच्या पांढऱ्या पँटीवर उतरला. शिंपीणबाईला हसू आवरेना. ती खुर्चीसकट गरकन फिरली आणि भिंतीकडे तोंड करून हसत राहिली.

"झालंय काय तुम्हाला?" दीर म्हणाला. "पंखा आहे, खुर्च्या आहेत."

"भांडण नाही," मास्तर म्हणाले. "इथे भांडायला सुचतच नाही. तिकडे आवाज चढला की काकू आतून म्हणतात, मेल्यांनो, छत माझं आहे. मग कसा जोर येतो."

काकूंनी तोंड फिरवलं. हसू फुटलेलं कुणाला दिसलं असतं तर रुबाब गेला असता.

"वहिनी, जरा फडकं मारता का?"

"माझी फरशी असती तर मारलं असतं. टेबल तुमचं, भावोजी."

शाखाप्रमुखाने खिशातला रुमाल काढून टेबल पुसायला घेतलं. पुसता पुसता मान खाली घालूनच विचारलं, "मग पुढची बैठक तुमच्याकडे?"

"एका अटीवर. माझा कप ओट्यावर राहणार नाही. तुमच्या कपांत मोजला जाईल."

"पण वहिनी, तुम्ही पक्षात कधी आलात?"

"पक्षच माझ्या घरात आला. मी आणखी कुठे येऊ?"

शाखाप्रमुखाने रुमाल पिळला आणि मान डोलावली.

पुढच्या बैठकीला काकू दिरासमोर मांडी ठोकून बसल्या. पहिलाच विषय शाखेच्या स्नेहमेळाव्याचा. जेवणाआधी शाखाप्रमुखाचं तासभर भाषण व्हावं, असं शाखाप्रमुखाने स्वतःच सुचवलं. सगळ्यांचे डोळे काकूंच्या कपाकडे. काकूंनी घोट घोट करत चहा संपवला, कपाची कड बोटाने पुसली आणि कप अलगद उपडा ठेवला.

असा हशा उसळला की शेजारीण दारात येऊन उभी राहिली.

"काय झालं हो?"

"काही नाही," काकू म्हणाल्या. "कामकाज चाललंय."