थोरलीचं हेड

“चिकटलेलं पॅकिंग ओरबाडायचं नसतं, जावईबापू. त्याची समजूत काढायची. औषध लावा, अर्धा तास थांबा, मग लाकडी पट्टीनं हळूच. अ‍ॅल्युमिनियमला लोखंड लावायचं नाही म्हणजे नाही.”

सासऱ्यांनी हे बजावलं तेव्हा त्यांच्या एका डोळ्याला ऑपरेशनची पट्टी होती, आणि दुसऱ्याला माणूस आणि खांब सारखेच दिसत. आयुष्यभर चालवलेलं गॅरेज ते जावयाच्या हाती द्यायला तयार होते, पण अट एकच. त्यांच्या जुन्या गाडीचं इंजिन त्याने एकट्याने उघडून पुन्हा नीट बसवून दाखवायचं. या गाडीला ते थोरली म्हणत. पोटची मुलगी एकच, ती धाकटी. “धाकटीला सांभाळताय ते पाहतोय,” ते म्हणाले होते, “आता थोरलीला हात लावा.”

जावयाने इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, उतरवलं. सांध्यातलं जुनं पॅकिंग करपून त्याला असं बिलगलं होतं, जणू जन्मोजन्मीची सोयरीक. त्याने औषध फवारलं आणि घड्याळ पाहिलं. तीन मिनिटं झाली. आणखी फवारलं, नखं कुरतडली. पाच झाली. लाकडी पट्टीने एक कोपरा सुटला, दुसरा हूं की चूं करेना. मग भिंतीवर टांगलेल्या पोलादी पात्याकडे त्याची नजर गेली. एकदाच, त्या कोपऱ्यापुरतं, असं तो मनाशी म्हणाला. नेम मोडणारा प्रत्येक जण एकदाच मोडतो; पुढचं सगळं त्या एकदाच्या पोटातच असतं.

दहा मिनिटांत हेड लख्ख झालं. तिरपं धरलं, तर तीन ओरखडे त्याच्याकडे बघून हसले. त्याने पॉलिश पेपर घेऊन ते घासले. आता दिसत तर नव्हते. पण खरोखर गेले की नाही, हे फक्त नख सांगतं. नख फिरवायचं, अडलं तर खोट आहे. आणि नखं त्याने केव्हाच फस्त केली होती.

तो हेड घेऊन स्वयंपाकघरात गेला.

“अगं, जरा तुझं नख हवंय.”

“आज नखापर्यंत आलात?” बायकोने हात पुसले आणि त्याने दाखवलं तिथे नख फिरवलं. “इथे अडतंय. इथेही. आणि मध्ये खळगा झालाय.”

“तुझं नखच वाकडं असेल.”

“निदान आहे तरी.”

कोपऱ्यात भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी न विचारताच अंगठा फिरवला. “थोरलीची दाढी कोणी केली?”

“मामी, जरा सीलंट जास्त लावतो, खळगा बुजेल, कळणारही नाही. मामांना कुठे दिसतंय?”

“पट्टी डोळ्याला आहे, बोटांना नाही,” त्या म्हणाल्या आणि पुढची शेंग मोडली.

तो स्टुलावर बसला. “गॅरेज हातचं गेलं.”

“लेथवाल्याकडून फेसिंग करून आणा,” बायको म्हणाली. “पृष्ठभाग सपाट होईल. पण आधी बाबांना सांगा.”

“तू सांग ना. तुझ्यावर ते रागावत नाहीत.”

“मी धाकटी. थोरलीचं गाऱ्हाणं मी नेलं तर म्हणतील, जळते.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. बायको मात्र हसली नाही.

“अहो, असंच बसवलंत तर सांध्यातून पाणी गळेल आणि गाडी पहिल्याच चढावर उकळेल. मग गॅरेजही जाईल आणि तुमच्यावरचा विश्वासही. शब्द द्या. आता घासायचं नाही, बसवायचं नाही, आणि आत्ताच सांगायचं.”

त्याचं बोट ओठांपर्यंत गेलं. त्यात खाण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“दिला,” तो म्हणाला.

त्याने हेड स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि तान्ह्या बाळासारखं छातीशी धरून बाहेर नेलं. सासरे खुर्चीत रेडिओ ऐकत होते. पावलं ओळखून त्यांनी आवाज बारीक केला.

“काढली का समजूत?”

जावयाने हेड त्यांच्या मांडीवर ठेवलं, फडकं बाजूला केलं, त्यांचा हात हातात घेतला आणि जिथे सगळ्यात जास्त अडत होतं, नेमका तिथे नेऊन ठेवला.

“मामा,” तो हळूच म्हणाला, “आधी इथून बघा.”