बिब्बा उतला

बिब्बा कोनाच्याही हातानं उतते, त्यात लाज नाई. कातडं भाजते, फोड येतात, खोबरेल लावलं का पंधरा दिसात बसते. पन वाढत्या गाठीले बिब्बा लावू नाई, हे माह्या मायनं मले शिकवलं होतं. तीस साल मी ते पाळलं, म्हून भातकुलीच्या बाया चामखीळ दाखवाले या पार्बताबाईकडंच येत. मोठा ताठा होता बाप्पा मले त्याचा.

त्या साली साता समुद्रापार कुठंशी लढाई चालू होती, अन् आमच्या कापसाले सोन्याचा भाव आला. वावरात सीतादईची पूजा करून वेचनी लागली. माही धाकटी जाऊ जमुना सगळ्यात चपळ वेचे. तिच्या कानापुढं तुरीच्या दान्यायेवढी लालनिळी गाठ आली अन् आठ दिसात दुप्पट झाली. मले दिसत होतं, आंधळी नव्हती मी. पन अमरावतीले नेलं तं वेचनी कोन करन? मी म्हनलं, दुखत नाई ना, मंग काहून घाबरतं? अन् बिब्ब्याचा चटका देला.

गाठ बोरायेवढी झाली, वरून जखम. मंग मीच तिले अमरावतीले हरिहरशास्त्री वैद्याकडं नेलं. त्यायनं गाल दाबून पायला अन् मले इचारलं, "बिब्बा लावला तेव्हा ही गाठ वाढत होती का?"

जमुना बाजूलेच बसली होती. मी म्हनलं, "नाई जी. चामखीळ होती. बिब्बा उतला."

वैद्य हसले. म्हनाले, "वाढती असती तर आजच कॅम्पातल्या गोऱ्या डॉक्टरसाहेबाकडे कापायला पाठवली असती. पण पार्बताबाई वाढत्या गाठीला बिब्बा लावायची नाही." त्यायनं खोबरेल देलं. मी ते घेऊन तिले घरी आनलं. दुसऱ्या दिशी जमुना वेचाले गेली.

पौषात गाठ लिंबायेवढी झाली अन् मानेत आनखी तीन उठल्या. कॅम्पातल्या डाक्टरनं हात लावून सांगितलं, हे अर्बुद आहे, जीव घेनारी गाठ, दोन महिन्याआदी आनलं असतं तं कापता आलं असतं.

आता मी रोज कडुनिंबाच्या पान्यानं तिचा गाल धुतो, मऊ लुगड्याची पट्टी बांधतो. एका सकाळी राहावलं नाई, सारं कबूल केलं. वाटलं, जमुना मले शिव्या देईन.

ती म्हने, "बाई, गाल तं माहाच होता. वाढत होती ते मले ठाऊक नसन का? तुमी वैद्याले नाई म्हनल्या, मले वाटलं तुमालेच जास्त समजते."

बाया अजून येतात, तोंडाले पदर लावून इचारतात, काय झालं वं हिले? मी बोलाच्या आदी जमुनाच सांगते, बिब्बा उतला.