काचेआडचा कागद

चार टाचण्या.

"टायपिंग शिका, नोकरी मिळवा."

काचेवर नाक टेकल्याचा डाग.

आयटीआयची यादी. वेल्डर, फिटर.

एक मेलेली पाल.

मित्रांनो, हे सगळं माझ्या पोटात आहे. मंठा तालुक्यातल्या एका सरकारी हायस्कूलच्या व्हरांड्यात टांगलेला मी सूचना फलक. १९८१ साली सुताराने मला सागवानी चौकट, काचेचं दार आणि कुलूप बसवलं. बोलायला तोंड मात्र ठेवलं नाही.

दर शनिवारी गिरिधर सर दहावीचा व्यवसाय मार्गदर्शन वर्ग घेत. पुढे काय शिकता येईल, अर्ज कधी भरायचा, ते कागद माझ्यात लावत. मुलं गर्दी करत. तेव्हा मला शाळेत माझ्याइतकं मोठं कुणी वाटत नसे.

१९९४च्या जूनमध्ये सरांची बदली झाली. जाताना त्यांनी नर्सिंगच्या प्रवेशाचा कागद लावला. शेवटची तारीख तीस जून. दोन दिवसांनी शिपाई कचरूमामा नव्या वर्षाचं भलं मोठं वेळापत्रक घेऊन आले. टाचण्या चारच. जुना कागद तसाच ठेवून त्यांनी त्याच टाचण्यांनी वेळापत्रक वरून लावलं. नेहमी असंच करत.

मग नुकतीच दहावी झालेली उषा आली, आई नंदाबाईसोबत. वडिलांनी, रामरावांनी सांगून ठेवलं होतं: यंदा नर्सिंगचा अर्ज गेला तर शिक्षण, नाहीतर दिवाळीनंतर लग्न.

"मामा, नर्सिंगचा कागद लागला का?"

"जे हाय ते काचेत हाय. मी काय खिशात घालून फिरून राह्यलो का?"

"नीट बघ ना गं," नंदाबाई म्हणाल्या. "मला वाचता येत न्हाई, तुला तर येतं."

"बघितलं, माय. न्हाई."

"मंग चल जल्दी. गाडी निघून जाईल."

तिचं बोट काचेवरून फिरत होतं. गणित, मराठी, मधली सुट्टी. त्याच्याच खाली तो कागद, आणि मी...

मी काही करू शकलो नाही.

सत्तावीस तारखेला ती पुन्हा आली. एकटी. पुन्हा तेच.

जुलैत वेळापत्रक बदललं. जुनं काढताना तो कागद कचरूमामांच्या हाती आला. त्यांनी तारीख वाचली. "अरे देवा, त्या पोरीचा," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसून राहिले.

मित्रांनो, नवा कागद लावताना खालचा आधी वाचा. कुणी शोधत आलं तर कुलूप काढून दाखवा. मला माझं दार उघडता येत नाही.

त्या वर्षी दहावीला उषा शाळेत पहिली आली होती.