कऱ्हाकाठचा झेंडू

बारामतीत त्या वर्षी देव फार झाले होते, असं सावळाराम माळ्याचं ठाम मत होतं.

साल छत्तीस. कऱ्हेच्या काठी बाजारच्या दिवशी गाड्या सुटायच्या आणि एरवी उकिरडा वाढायचा, त्या जागी सार्वजनिक बाग करायचं कमिटीनं ठरवलं. कमिटी म्हणजे आप्पासाहेब आणि त्यांच्या हो ला हो करणारे दहा मेंबर. सावळाराम जन्मभर मेथी-वांगी पिकवलेला माणूस. त्याला माळी नेमून आप्पासाहेबांनी बजावलं, "भादव्यात पुण्याचं सायेब बघाया येणार हायेत. बाग मनाला आली तर ऱ्हाईल, न्हाय तर जागा गुरांच्या बाजाराला जाईल."

सावळारामनं उकिरडा उपसला, वाफे काढले, कुंपण घातलं आणि कावडीनं नदीचं पाणी वाहून खांद्याला घट्टे पाडून घेतले. गुरं कुंपणानं थांबली. माणसं कशानं थांबणार? पहिला झेंडू फुलला आणि सगळ्या गावाची सकाळ बागेतच उजाडू लागली. शेजारच्या दगडाबाई तर ओच्यात भरून न्यायच्या. हटकलं तर म्हणायच्या, "देवाला नेतीया. मला काय खायाची हायेत?" देवासाठी तोडलेलं फूल कुणी चोरीत धरत नाही, हे सावळारामलाही लहानपणापासून ठाऊक, त्यामुळे धड भांडायचीही सोय नाही. सोमवारी महादेव, मंगळवारी देवी, शनिवारी मारुती. फुलं झाडावर टिकतील असा एक वार म्हणून मोकळा नव्हता.

शेवटी वैतागून त्यानं नदीकाठच्या महादेवापुढं नारळ फोडला आणि चार माणसांसमक्ष सांगितलं, "सायेब येऊन जाईस्तवर बागंतली समदी फुलं ह्या महादेवाची. झाडावरच वाहिली मी." एका देवाला वाहिलेलं फूल दुसऱ्या देवाला कोण नेणार? दगडाबाई परडी घेऊन आल्या, फुलांकडे बघत उभ्या राहिल्या आणि चरफडत परत गेल्या. पंधरा दिवसांत बाग अशी फुलली की पलीकडच्या काठावरूनसुद्धा पिवळी दिसायची. सावळाराम दिवसातून दोनदा नदी ओलांडून तेवढं बघून यायचा. आपण फुलं पिकवली, याचं त्याला फार अप्रूप वाटायचं.

साहेब यायच्या आदल्या दिवशी कमिटीनं त्याला कमानीसाठी केळीचे खांब आणायला शेळगावला धाडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी घेऊन परतला, तर बागेत नुसतं हिरवं. औषधाला फूल नाही. बाकाशेजारी त्याची बायको रंगूबाई सुई-दोरा घेऊन बसलेली आणि पुढ्यात हारांचा ढीग.

"काय केलंस हे?"

"मी कशाला करतीया? आप्पासायेब आलं. म्हणालं, अकरा जण हाय, परत्येकाचा येक हार पायजे, आन बाजारात झेंडू न्हाय अजून. मी म्हणलं, फुलं महादेवाची हायेत. तर म्हणालं, महादेवाला मी सांगतो."

सावळारामनं केळीचे खांब गाडीतून धाडकन खाली ढकलले.

साहेब चार वाजता आले. अकरा हार पडल्यावर त्यांचं नाक तेवढं वर राहिलं. बाग फिरून झाल्यावर ते म्हणाले, "जागा चांगली आहे. पण फुलं कुठं आहेत?"

आप्पासाहेबांनी सावळारामकडे पाहिलं, म्हणून दहाही जणांनी पाहिलं.

सावळारामनं हात जोडले. "तुमच्या गळ्यात हायेत, सायेब."

कुणी हसलं नाही. साहेबांनी एकेक हार उतरवून बाकावर ठेवला आणि मोटारीत बसून ते निघून गेले. दिवाळीच्या आधी कागद आला: जागा गुरांच्या बाजाराला द्यावी.

बाजार सुरू व्हायच्या आठवडाभर आधी सावळाराम आपणच घातलेलं कुंपण आपणच उपटत होता. तेवढ्यात आप्पासाहेब लगबगीनं आले.

"सावळाराम, बाजाराचा नारळ फोडाया परत सायेबच येणार हायेत. अकरा हार लागतील. बागंत काय झेंडू उरलाय का?"

सावळारामनं हातातला खुंट खाली ठेवला. साहेबांचे ते हार त्यानं बियाण्यासाठी घरच्या आढ्याला टांगून वाळवले होते. पुढच्या पावसात बागेत तेच पेरायचे, असा त्याचा बेत होता.

"घरी आढ्याला अकरा हायेत," तो म्हणाला. "जाऊन घ्या. सायबानं येकदाच घातल्यात."

आप्पासाहेब खरोखरच त्याच्या घराकडे निघाले.