गाडी कोण चालवतं?

"माणूस खोटं बोलतो, कागद खोटं बोलतो. इंजिन कधी खोटं बोलत नाही," असं म्हणून दादांनी पिकअपच्या बॉनेटवर तळहात टेकवला, डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्या जागी एका कबुतराने आपलं मत आधीच नोंदवून ठेवलं होतं.

काचवाल्याने मुकाट्याने रुमाल पुढे केला. दादा म्हणजे त्याच्या बायकोचे थोरले भाऊ. तरुणपणी त्यांनी आठ महिने एका गॅरेजात काढले होते, त्यातले पाच काउंटरवर. पुढे ते पाण्याचे फिल्टर विकू लागले. पण घरात गाडी, कुकर, पंखा, काहीही बिघडलं की मत दादांचं घ्यायचं, अशी रीत पडून गेली ती गेलीच. शिवाय काचवाल्याचं दुकान दादांच्याच गाळ्यात होतं. त्यामुळे मत नुसतं घेऊन भागत नसे, मानावंही लागे.

"गार आहे," दादा हात पुसत म्हणाले.

"सकाळपासून सुरूच केली नाही," गाडीच्या मालकीणबाई म्हणाल्या. "तुम्हीच फोनवर म्हणालात, गार असू दे."

"तेच म्हणतोय. सांगितल्यावर कोणीही गार ठेवेल."

बाई पन्नाशीच्या पुढच्या. पायात रबरी बूट, नखांत माती. त्यांच्यामागे रोपवाटिका होती, म्हणजे कालपरवापर्यंत होती. आता जमिनीवर कुंड्यांचे गोल गोल डाग तेवढे उरले होते.

"गाडी एवढी चांगली आहे तर विकता कशाला?"

"जागा रस्त्यात गेली. रोपंच राहिली नाहीत. आता गाडीला पाणी घालत बसू का?"

दादांनी शर्टाच्या खिशातून पेन आणि बोटभर वही काढली. 'रस्ता' असं लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

"गाडी कोण चालवतं?"

"मी."

"नाही, म्हणजे रोज?"

"रोज मीच."

"आणि लांब कुठे जायचं असलं की?"

"तेव्हा मी."

दादांनी लिहिलं : ड्रायव्हर, चौकशी करणे.

काचवाल्याने घड्याळ बघितलं. सव्वाअकरा. बाराला दुसरं गिऱ्हाईक येणार होतं, बाईंनी ते फोनवरच सांगून ठेवलं होतं. आज शनिवार. सोमवारी टेकडीवरच्या नव्या हॉस्पिटलात बेचाळीस काचा पोचवायच्या होत्या. दोनदा त्याने भाड्याचा टेम्पो केला. पहिला आलाच नाही. दुसरा आला, अर्ध्या चढावर बंद पडला आणि मागे घसरला. सहा काचा फुटल्या. त्या आवाजाने काचवाला अजून झोपेतून दचकून उठत असे. कंत्राटदार भला माणूस होता. तो एवढंच म्हणाला होता, "तिसऱ्यांदा मी तुला फोन करणार नाही."

बाईंनी चावी अर्धी फिरवली, नारिंगी दिवा विझायची वाट पाहिली आणि मग पुरती फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं. काचवाल्याचा चेहरा उजळला. दादांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा होता तसा झाला.

"आता खरी परीक्षा," दादा म्हणाले. त्यांनी चालू इंजिनावरचं तेलाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून त्याच भोकावर ठेवलं. "झाकण नाचलं तर आतला दाब बाहेर येतोय. म्हणजे इंजिन संपलं. बघा."

तिघंही वाकून बघत राहिले. झाकण नाचलं नाही. अगदी स्वस्थही बसलं नाही. हनुवटी थरथरावी तसं जरासं थरथरलं.

"हं," दादा म्हणाले.

काचवाल्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. या 'हं'ने त्याचा एक फ्रिज, एक स्कूटर आणि मुलीची एक शाळा घालवली होती. दादांनी झाकण उचललं, नाकाशी नेलं, बोटांत फिरवत कंप्रेशनविषयी चार वाक्यं बोलले आणि बॉनेट आपटून बंद केलं.

"चढावर घेऊ. तुम्हीच चालवा, मला ऐकायचंय."

काचवाला मध्ये बसला, दादा खिडकीशी. पायाशी एक पाचरीसारखा घडवलेला दगड होता, तो बाईंनी त्याच्या मांडीवर दिला. "चढावर थांबलो तर चाकामागे लावायचा. थांबत नाही कधी. पण असू दे."

हॉस्पिटलच्या टेकडीचा चढ सुरू झाला. बाईंनी दुसरा गिअर टाकला, गाडी संथपणे वर निघाली. दादा डोळे मिटून ऐकत होते. ज्या वळणावर टेम्पो बंद पडला होता ते वळण समोर दिसू लागलं, तसा काचवाल्याने दगड घट्ट धरला. कडेला काचेचा चुरा अजून चमकत होता. गाडी वळणात शिरली आणि नेमका तिथेच वास आला. जळक्या तेलाचा. मग बॉनेटच्या फटीतून धूर, आधी दोऱ्याएवढा, बघता बघता दोरखंडाएवढा.

"थांबवा," दादा डोळे न उघडता म्हणाले. "ऐकलं मी."

बाईंनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला. काचवाला दादांच्या अंगावरून उतरला आणि त्याने चाकामागे दगड लावला. तो दोनदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. बाईंनी बॉनेट उचललं. धुराचा लोट तोंडावर आला तरी त्या मागे हटल्या नाहीत. क्षणभर आत बघितलं, मग वळून दादांकडे बघितलं.

"काय झालं असेल, साहेब?"

"रिंगा," दादा चार पावलांवरूनच म्हणाले. "पिस्टनच्या रिंगा गेल्यात. मघाशीच शंका आली होती. इंजिन उतरवावं लागेल, ताई. वाईट वाटून घेऊ नका, पण हे भंगार आहे."

बाई चिंधीने एकेक बोट पुसत चढाखाली बघत राहिल्या.

दादांनी काचवाल्याचा दंड धरून त्याला बाजूला घेतलं. "सुटलात दाजी. मी नसतो तर गळ्यात पडली होती. चला, खाली रिक्षा मिळेल."

काचवाला मान हलवणार होता. मान हलवायला त्याला कधी फार वेळ लागत नसे. पण त्याची नजर दादांच्या शर्टाच्या खिशावर गेली. खिसा एका बाजूला ओघळला होता आणि त्याच्या तळाशी एक काळा डाग हळूहळू पसरत होता. त्याने इंजिनाकडे बघितलं. मधोमध एक गोल तोंड उघडं होतं आणि सभोवार तेलाचे शिंतोडे उडून तापलेल्या लोखंडावर जळत होते.

त्याने बाईंकडे बघितलं. त्या चौथं बोट पुसत होत्या.

बारा वाजायला वीस मिनिटं होती. बोलावं, तर गाळा दादांचा. न बोलावं, तर सोमवार कंत्राटदाराचा. कडेचा काचेचा चुरा त्याच्या बुटाखाली करकरला.

"दादा," तो म्हणाला. "तुमचं पेन देता जरा?"

"कशाला?"

"तुम्ही सांगितलंत ते लिहून ठेवतो. रिंगा, आणि पुढचं ते. आम्हाला कुठलं लक्षात राहतंय. पुढे कधी उपयोगी पडेल."

दादांना बरं वाटलं. त्यांनी खिशात हात घातला. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत काळा, आणि त्यात पेन नव्हतं.

कोणी हसलं नाही. एक म्हातारा सायकल ढकलत वर चालला होता. तो थांबला, झाकण बघितलं, दादांना बघितलं आणि पुढे गेला.

"ही टेस्टच असते," दादा म्हणाले. "झाकण काढून चढावर घालायची. खरा दाब तेव्हाच कळतो."

"असते ना," बाई म्हणाल्या. त्यांनी दादांच्या हातातून झाकण घेतलं, पुसलं, बसवलं. सीटमागच्या डब्यातून तेल घालून पट्टीवर मोजून घेतलं. "मग पास म्हणायची का?"

दादांनी वही उघडली, पानं उलटली. "हरकत नाही. बरी आहे तशी."

उरलेला चढ गाडी न खोकता चढून गेली.

बाराला पाच कमी असताना रोपवाटिकेच्या पत्र्याच्या खोलीत कागदांवर सह्या झाल्या. बाईंनी चावी टेबलाच्या मधोमध ठेवली.

"कोण नेतंय?"

काचवाल्याने दादांकडे बघितलं. दादा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते गेल्या वर्षीचं होतं.

"दादा, घरून निघताना तुम्ही म्हणाला होतात, चालवायचं माझ्यावर सोडा."

"सोडा म्हणालो होतो. चालवतो म्हणालो नव्हतो. माणूस बघू."

काचवाला बाहेर आला आणि त्याने बायकोला फोन लावला.

"दादा चालवणार?" ती म्हणाली. "बाबांची जीप नाल्यात घातली त्यानंतर त्याने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. तीस वर्षं झाली."

"मला कोणी बोललं नाही."

"तुम्ही विचारलंत कधी?"

त्याच्या स्वतःच्या खिशात लायसन्स होतं, स्कूटरचं. तो आत आला. दादा अजून कॅलेंडरच्या मार्चमध्येच होते. बाईंनी त्याचा चेहरा बघितला, उसासा सोडला आणि चावी उचलून परत आपल्या कमरेला अडकवली.

"सोमवारी किती वाजता निघायचं?"

सोमवारी साडेदहाला बेचाळीसच्या बेचाळीस काचा टेकडीवर उतरल्या. गाडी बाई चालवत होत्या. काचवाला शेजारी बसला होता, दगड मांडीवर घेऊन.