भिंतीकडं तोंड करून

"दीपालीच्या हळदीला तूच वाजव, दादा," असं मी फोनवर बोलून बसले. माझी लेक, माझा सख्खा भाऊ. म्हटलं, नाही कोण म्हणणार? तेव्हापासून दादा रोज गोठ्यात क्लॅरिनेट फुंकत होता. म्हैस दूध चोरायला लागली, म्हणून वहिनीचे मलाच फोन.

पूर्वी दादाचा बँड पौडच्या स्टँडवर उतरला, की ती खबर त्यांच्या आधी आमच्या गावात पोचायची आणि समाजमंदिरात बायका पदर खोचून तयार. आता त्याच समाजमंदिरात माझ्या निलेशनं डीजे आणला होता. खिडक्यांची तावदानं थडथडत होती.

"निलेश, पाच मिनिटं बंद कर. मामाला वाजवायचंय."

"आई, बंद केलं की पोरी पांगत्यात. येवढं गाणं होऊ दे."

त्या गाण्याला शेपूट फुटायचं, शेपटाला दुसरं गाणं. पुन्हा पुन्हा सांगून आले. नवरीची आई मी. मान मोठा, ऐकणारं कुणी नाही.

मग बघते तर दादानं सुरूही केलं होतं. कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून. पूर्वी बायका नाचायच्या तेव्हा बँडवाल्यांना असंच बसवायचे. बघायचं नाही, नुसतं वाजवायचं. दादानं ती रीत अजून धरून ठेवली होती. लोकांना वाटलं, मामा रुसून बसलाय.

मी त्याच्या कानाशी ओरडले, "दादा, हिकडं वळ की!"

"बाया नाचत्यात न्हवं?" म्हणाला, आणि पुन्हा फुंकायला लागला.

एक सूर ऐकू येईना. शेवटी मी पदर खोचला आणि त्याच्या पाठीमागं नाचायला लागले. डीजेचा ताल सोडून, त्याच्या खांद्यांवर नजर ठेवून. खांदे वर गेले की गिरकी, खाली आले की टाळी. पोरी फिदीफिदी हसल्या.

"काकी, कुठलं गाणं चाललंय तुमचं?"

पाठ हलत होती, मी नाचत राहिले. मग पुढं जाऊन बघितलं, तर क्लॅरिनेट मांडीवर आडवी आणि दादा नुसता धापा टाकतोय. कधीपासून, कोण जाणे.

"माझं मलाच ऐकू येईना," तो म्हणाला. "कुटवर आलो हुतो गं मी?"

"बराच पुढं आला होतास," मी ठोकून दिलं.

त्याचा चेहरा उजळला. "मग ऱ्हायलेलं वाजवतो," म्हणून त्यानं क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावली, आणि मला परत नाचायला उभं राहावं लागलं.